गेंटला निघण्याआधी

सप्रेम नमस्कार.

गेंटची बैठक पक्की झाली आणि लगेच लिएजचीही आहे, म्हणून निघण्याआधीच चार गोष्टी सांगून ठेवतो.

गेंट बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात, तिथे डच चालते. लिएज त्याच देशाच्या वॉलोनिया भागात, तिथे फ्रेंच. कॉलेजात शिकलेलं फ्रेंच गेंटमध्ये बाहेर काढू नकोस. तिथल्या पुष्कळ लोकांना ते येतं, पण परक्याने ते गृहीत धरलं की कपाळाला आठी पडते. भाषेचं हे दुखणं तिकडे जुनं आहे. तिथे सरळ इंग्रजीत बोल. लिएजमध्ये ‘बाँजूर’ म्हण आणि मग इंग्रजी चालेल का ते विचार. गेंटहून लिएजला थेट गाडी आहे, ती पुढे ओयपनला जाते. मात्र गेंटच्या फलकावर लिएज शोधू नकोस, तिथे त्याचं डच नाव ‘लाऊक’ (Luik) लिहिलेलं असतं.

वेळेच्या पाच मिनिटं आधी पोच. खोलीत जितकी माणसं असतील तितक्यांशी हात मिळव, निघतानाही. घोळक्याला एकच नमस्कार करून बसणं उद्धट वाटतं. समोरच्याने मेलखाली नुसतं पहिलं नाव लिहायला सुरुवात केली की मग तूही पहिल्या नावावर ये. आडनावात ‘व्हान’ असेल तर तो आडनावाचाच भाग असतो, यादीतही व्ही खालीच शोध.

आता मुख्य गोष्ट. बैठकीत कुणी विरोध केला नाही म्हणजे होकार मिळाला, असं धरून चालू नकोस. शेजारच्या नेदरलँड्समधला माणूस तोंडावर ‘हे जमणार नाही’ म्हणतो. फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सचा, माणूस बहुधा ‘सोपं नाही’, ‘बघायला हवं’ म्हणून गप्प राहतो. आपल्या ‘बघू’शी याचं सख्खं नातं, तरी आपल्याला ते ओळखू येत नाही, कारण युरोपातली माणसं स्पष्ट बोलतात हे आपण डोक्यात घेऊन गेलेलो असतो. ‘काही शंका?’ विचारलंस तर शांतताच मिळेल. त्याऐवजी कॉफीच्या वेळी एकेकाला विचार, ‘या तारखेला अडचण कुठे येईल?’ उत्तर तिथे मिळतं. त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाक: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, खाली ‘शुक्रवारपर्यंत दुरुस्त्या कळवा’. मग त्यांची आपसात चर्चा होते, प्रत्येकजण थोडं सोडतो आणि निर्णय येतो. तोवर रोज ‘काय झालं?’ विचारून भंडावू नकोस. आणि आपल्या बाजूने ‘हो, होऊन जाईल’ हे वाक्य बंद. सहा आठवडे लागणार असतील तर सहाच सांग.

कोटेशन पाठवताना आकडे तपास. तिकडे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो. आपण १,२५० युरो लिहिलं की ते सव्वा युरो वाचलं जाऊ शकतं. तारखेऐवजी ‘आठवडा ३४’ असं म्हणण्याचीही पद्धत आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो. तू दोन्ही लिही.

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्या साडेतीन तास मागे, एरवी साडेचार. त्यांच्या संध्याकाळी पाचनंतर फोन नको. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काबाबत नियम ठरवणं कायद्यानेच सक्तीचं केलंय. जुलै-ऑगस्टमध्ये सही करणारा माणूस दोन-तीन आठवडे रजेवर असू शकतो. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारही बहुतेकदा गेलाच.

दुपारचं जेवण म्हणजे बहुधा टेबलावरच सँडविच. शाकाहारी असशील तर दोन दिवस आधी कळव आणि ‘मासेही नाही’ हे वेगळं लिही. फ्राइज पाहून निर्धास्त होऊ नकोस. पारंपरिक पद्धतीत त्या गोमांसाच्या चरबीत तळतात, विचारून मगच घे. बिअर नको असेल तर एकदा ‘नको’ म्हटलं की पुरतं. घेतलीस तर यजमानाने ग्लास उचलेपर्यंत थांब.

भेट म्हणून हापूस नेण्याचा मोह टाळ. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबा युरोपात नेता येत नाही. कुणी घरी बोलावलंच, आणि असं पटकन होत नाही, तर फुलं ने. फक्त शेवंती नको, ती १ नोव्हेंबरला कबरींवर वाहतात.

कळावे, लोभ असावा.