चाक फिरतंय, गाडी जागची हलत नाही

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं गाडी चिखलात रुतल्याची आहेत, साहजिकच आहे म्हणा, जून उजाडला की सगळ्यांना एकदम डोंगर आठवतो. त्यातली तीन घेतली आहेत, पहिलं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवून घेतलेली आमची कॅम्पर व्हॅन आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो आणि एका शेतात गवतावर गाडी लावली, तेव्हा जमीन खणखणीत कोरडी होती. रात्री दोन तास पाऊस झाला. सकाळी निघताना मागची चाकं जागेवरच फिरायला लागली, दहा मिनिटं प्रयत्न केला तर ती निम्मी आत गेली, मग गावातला ट्रॅक्टर आणला तर पुढचा बंपरच उपटून आला. नेमकं चुकलं काय आणि करायला काय हवं होतं? – एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, बंपरचं वाईट वाटलं, पण खरं सांगू का, तुमचं नुकसान ट्रॅक्टर यायच्या आधीच झालं होतं, त्या दहा मिनिटांत. चाक जागेवर फिरलं की ते गाडी पुढे नेत नाही, विहीर खणतं. वरचा गवताचा थर फाडतं, खालचा गाळ मागे फेकतं आणि टायरच्या खाचा चिखलाने भरून टायर गुळगुळीत होतो, मग कितीही रेस करा, साबणावर पाय ठेवल्यासारखंच. दोन-तीन सेकंदांत गाडी हलली नाही तर पाय काढायचा, इंजिन बंद, खाली उतरायचं. ड्रायव्हिंग सीटवर बसलेल्या माणसाला हे फार जड जातं, आमच्या घरातही जातं.

दुसरं म्हणजे जागा. बांध घातलेलं सपाट शेत त्या भागात दिसलं की ते बहुतेक भाताचं खाचर असतं. तिथे दरवर्षी चिखलणी होते (लावणीआधी पाणी भरून माती घोटतात), त्यामुळे वरची माती लोण्यासारखी आणि वीतभर खाली एक कडक थर, जो पाणी मुरू देत नाही, खाचरात पाणी उभं राहावं म्हणून तर शेतकरी चिखलणी करतो! उन्हाळ्यात वरून सिमेंट वाटेल, दोन तासांच्या पावसात पुन्हा खाचर. गाडी लावायच्या आधी पायी फिरून टाच जोरात मारून बघा, टाच रुतली किंवा खड्ड्यात पाणी झिरपलं तर तिथून निघा, आणि कोरडं लागलं तरी बांध दिसत असतील तर मुरूम टाकलेली वाट शोधा. तोंड रस्त्याकडे, निघताना उतार मिळेल अशी गाडी लावायची.

आता रुतलीच आहे असं धरू. आधी पोरंबाळं खाली, ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर), खुर्च्या, लेव्हलिंगचे ठोकळे सगळं आवरायचं, गॅस सिलिंडर बंद. मग वाकून बघा की गाडीचं पोट कुठे टेकलंय का. मागचा एक्सल किंवा सायलेन्सर चिखलात बसला असेल तर टायरखाली काहीही घाला, उपयोग नाही, आधी तिथला चिखल फावड्याने मोकळा करायचा. त्यानंतर ज्या दिशेने निघायचं तिकडे प्रत्येक मागच्या चाकासमोर दोन-तीन फूट लांब उतरती नाली खणायची, म्हणजे चाकाला उभी भिंत चढायची नाही, घसरगुंडी चढायची. खाचरात खणता खणता तो कडक थर लागला तर नशीब समजा, पकड तिथेच मिळते. शक्यतो आलात त्याच चाकोरीने मागे या, ती थोडीफार दबलेली असते आणि पुढे काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

चाकाखाली घालायला खडी, विटांचे तुकडे, डबर उत्तम, नाहीतर कारवीच्या काड्या नाहीतर वाळक्या फांद्या आडव्या, त्यावर गोणपाट. गाडीतले फ्लोअर मॅट घालू नका, चाक फिरलं की ते मागच्या माणसाच्या नडगीवर येतात. चाक फारच खोल असेल तर गाडी सरकू नये म्हणून बाकीच्या चाकांना दगडाची उटी लावून, जॅकखाली रुंद जाड फळी ठेवून (फळी नसेल तर गाडी वर जात नाही, जॅक खाली जातो) चाक उचला आणि खड्डा दगडांनी भरा. जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, हात लांब करून दगड सरकवायचे.

हवाही कमी करा, टायरमध्ये 60 पीएसआय असेल तर 40 पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते, फक्त हवा भरायचा पंप जवळ पाहिजे, कारण तशा टायरवर हायवेला जायचं नाही. पाण्याची टाकी रिकामी करा, 100 लिटर म्हणजे 100 किलो. इथे माझीच गंमत सांगते, आमच्या गाडीच्या टाकीचा नळ नेमका मागच्या चाकापुढे सुटतो हे मला अशाच एका सकाळी कळलं, सगळं पाणी तासभर खणलेल्या नालीत. नवरा काही बोलला नाही, नुसता फावडं घेऊन परत बसला. तेव्हा आधी नळ कुठे सुटतो ते बघा, पाइप लावून लांब सोडा.

मग स्टिअरिंग सरळ, पुढे काढताना सेकंड गिअर, क्लच हळू, रेस अगदी कमी. नवीन गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर तेवढ्यापुरतं बंद, नाहीतर चाक जरा फिरलं की ते ताकदच काढून घेतं. सुटलात की थांबू नका, पक्क्या जमिनीवर पोचूनच आनंद करायचा. ढकलणारे लोक बाजूच्या खांबांना धरून ढकलतील, फिरणाऱ्या चाकामागे कुणीही नाही.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर बंपर हा दिखाव्याचा असतो, दोर बांधायचा तो चासीला लागलेल्या टोइंग हुकला. ट्रॅक्टरवाले दादा घाईत असतात आणि हाताला येईल तिथे साखळी अडकवतात, तेव्हा हुक कुठे आहे ते तुम्हीच वाकून दाखवा. साखळीपेक्षा रुंद पट्टा बरा, ट्रॅक्टर स्वतः पक्क्या जमिनीवर, दोर आधी ताणून मग सावकाश ओढायचं, झटका नाही. सगळी माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, तुटलाच तर उसळी कमी होते. आणि निघण्याआधी शेतातल्या चाकोऱ्या बुजवून द्या हो, थोड्याच दिवसांत शेतकऱ्याला तिथे भात लावायचा असतो.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो, लेक डिस्ट्रिक्टला भाड्याची मोटरहोम नेली होती, फियाटच्या ड्युकाटो व्हॅनवर बनवलेली. चिखल वगैरे नव्हता, नुसतं ओलं गवत, जरासा चढ, तरी निघेना. शेवटी कॅम्पसाइटच्या माणसाने दोन मिनिटांत काढून दिली, त्याने काय केलं ते कळलंच नाही. – एक वाचक, लीड्स

उत्तर : त्याने बहुतेक रिव्हर्स टाकला. ड्युकाटोची पुढची चाकं ओढतात आणि मोटरहोमचं वजन असतं मागे, बेड, टाकी, सायकली सगळं तिकडे. चढावर पुढे जाताना वजन आणखी मागे सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि ओल्या गवतावर भिरभिरतात. तीच गाडी उलटी चढवली की वजन पुढच्या चाकांवर येतं. आमच्या ट्रॅव्हलरची मागची चाकं ओढतात, म्हणून वरचं उत्तर वाचताना आपली कुठली चाकं ओढतात ते आधी ठरवा आणि काड्या-पोती त्यांनाच घाला. टो-आय (ओढायचा दोर अडकवायचा हुक) बहुधा टूलकिटमध्ये सुटा असतो, पुढच्या बंपरवरचं छोटं झाकण काढून पूर्ण आत जाईपर्यंत पिळायचा. तिकडे हार्डस्टँडिंगची, म्हणजे खडी टाकून पक्की केलेली जागा मिळते, पावसाचा अंदाज असेल तर थोडे जास्त पैसे पडले तरी तीच घ्या.

प्रश्न : सोलापूरकडे काळ्या रानात रुतली तर हेच करायचं का? आणि ते चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे रिकव्हरी बोर्ड घ्यावेत का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : काळ्या मातीत पाऊस चालू असताना काहीच करू नका. ती भिजली की फुगते, चार पावलं चाललात तर चपलेला शेर-शेर माती लागते, टायरचं तेच होतं आणि मडगार्डमध्ये माती ठासून चाक अडकतं ते वेगळंच. चहा करा, ऊन-वारा लागून वरचा थर सुकू द्या, कधी एक दिवस जातो कधी दोन, मग आधी पहारीने मडगार्ड मोकळी करून सुरुवात करा. बोर्ड चांगले असतात, पण त्यावर चाक जोरात फिरवलं की त्यांचे दात वितळतात, आमच्या एका जोडीचे पहिल्याच दिवशी गेले. आता मी गोठ्यात घालतात त्या रबरी मॅटचे दोन तुकडे ठेवते, जड आहेत पण टिकतात. मागे जोडचाकं असतील तर बाहेर आल्यावर दोन टायरच्या मध्ये दगड अडकलाय का ते बॅटरी मारून बघा, आमचा एकदा थेट टेंभुर्णीपर्यंत खडखडत आला होता.