छर्रा उडाला, आता काय? जुन्या गाड्यांच्या बटणांबद्दल तुमचे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आमच्या जळगावात पत्र्याच्या शेडखाली काम करणं म्हणजे भट्टीत बसणं. पण जुन्या गाड्या बाहेर निघतात त्याही याच दिवसांत. लग्नसराई, सुट्ट्या आणि आजोबांची गाडी नवरदेवासाठी. महिनाभरात आलेल्या प्रश्नांपैकी बटणांचे वेगळे काढले, त्यातल्या पाचांची ही उत्तरं.

पारोळ्याहून: वडिलांची 1976ची पद्मिनी आहे. बॅटरी नवी, बल्ब नवे, तरी हेडलाइट पिवळटच. पाच मिनिटांत बटणाला हात लावला तर चटका बसतो. नवं बटण मिळत नाही. काय करू?

दादा, चटका बसतो हे तुम्ही लिहिलंत, त्यातच निम्मं उत्तर आलं. जी वीज बल्बात जळायला हवी, ती बटणात जळतेय. हिशोब सोपा आहे. 45 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 90 वॉट. 12 व्होल्टवर साडेसात अँपिअर करंट त्या इवल्याशा पितळी पट्टीतून जातो. पट्टीवर काजळी धरली की तिथे व्होल्टेज अडतं. बल्बाचं तर असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो.

बटण खोलायच्या आधी मोजा. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा आणि हेडलाइट चालू करा. एक काडी बटणात येणाऱ्या वायरीच्या टोकाला, दुसरी जाणाऱ्या टोकाला लावा. आकडा 0.1 ते 0.2 व्होल्ट आला तर बटण निर्दोष आहे, त्याला हात लावू नका. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर खोला. मग एक काडी बल्बाच्या अर्थ वायरीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवून तसंच मोजा. माझ्याकडे 'बटण गेलं' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बॉडी अर्थचा गंजलेला बोल्टच सापडतो. कापसाच्या जिनिंगजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर बोल्टाभोवती कापसाची तूस जमलेली असते.

बटण साफ करून झालं की हेडलाइटला रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारं विजेवरचं बटण. हाय आणि लो बीमला एकेक. बॅटरीची जाड वायर फ्यूजमधून 30 नंबरच्या टोकाला, बल्बाची 87ला, बटणाकडून येणारी 86ला आणि 85 अर्थला. मग बटणातून अर्धा अँपिअरसुद्धा जात नाही. डॅशबोर्ड जुनाच दिसतो, रिले बॉनेटखाली लपतो. कंपनीने दिलं नव्हतं ते लावायचं नाही, असं म्हणणारे शौकीन मला भेटतात. त्यांचीच बटणं दर दोन वर्षांनी माझ्या टेबलावर येतात.

अमळनेरहून: टॉगल बटण साफ करायला उघडलं. टिक् आवाज आला आणि एक छर्रा अन् स्प्रिंग कुठे गेली कळलंच नाही. पट्टी कशी बसली होती तेही आठवत नाही.

भाऊ, काय व्हयनं ते डोळ्यांसमोर आलं! हे माझंही झालंय आणि छर्रा सापडला तो चहाच्या ग्लासात. तेव्हापासून मी छोटं बटण उघडतो ते पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून. जे उडेल ते पिशवीत.

आधी आतला खेळ समजून घ्या. दांडीच्या खालच्या टोकाला भोक असतं. त्यात स्प्रिंग आणि स्प्रिंगवर छर्रा. छर्रा एका पितळी झोक्यावर दाबून बसतो. हा झोका म्हणजे मुलांची सी-सॉ. दांडी मध्यरेषा ओलांडते तसा छर्रा पलीकडे घसरतो आणि झोका फटकन उलटा पडतो. हे 'फटकन' महत्त्वाचं. पॉइंट, म्हणजे जिथे पितळ टेकून वीज जाते ती टोकं, सावकाश सुटले तर मध्ये ठिणगी रेंगाळते आणि पितळ जाळते. म्हणून बॉलपेनची स्प्रिंग घालू नका, ती फार मऊ असते. जुन्या बटणांचा भंगार डबा असलेला इलेक्ट्रिशियन गाठा. छर्रा मात्र सायकलच्या दुकानात मिळेल. पुढच्या हबचा 3/16 इंची, पॅडलचा 5/32 इंची. भोकात सहज सरकेल पण डगडगणार नाही असा निवडा.

झोका आणि पॉइंट रॉकेलने धुऊन वाळवा. मग हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलका फिरवा. कानस नको. शिकाऊ असताना मी एका गिऱ्हाइकाच्या बटणाचे पॉइंट कानसीने 'चकाचक' केले होते. त्यावर चांदीचा मुलामा होता, तोच निघून गेला. काळी पडलेली चांदी चालते, घासून गेलेली चालत नाही.

जोडताना दांडीचं घर उलटं धरा, दांडी खाली. भोकात थोडं व्हॅसलीन, मग स्प्रिंग, वर छर्रा. व्हॅसलीनमुळे तो चिकटून राहतो. झोका बेकेलाइटच्या तळावर त्याच्या खाचेत ठेवा, घर पालथं करून वरून सरळ खाली आणा आणि दाबून धरा. पत्र्याचे कान लगेच वळवू नका. दोन रबरबँड लावून दहा वेळा चालू-बंद करा, मीटरने तपासा. सगळं जुळलं की समोरासमोरचे कान जोडीने वळवा. जुने कान दोनदा वाकतात, तिसऱ्यांदा तुटतात. पुढच्या वेळी प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा.

रावेरहून: केळीच्या बागेत फिरणारी जुनी जीप आहे. हाय-लो बीम बदलणारा, पायाने दाबायचा डीपर कधी लागतो, कधी अडकतो.

पायाखाली चिखल, त्यावर ठिबकचं पाणी, त्यावर काळ्या मातीची धूळ. तो चालतो हेच नवल. या डीपरमध्ये एक वायर आत येते आणि दोन बाहेर जातात. प्रत्येक दाबाला दातेरी चकती एक घर पुढे सरकते. माती दातांत बसली की चकती अर्ध्यावर थांबते आणि दोन्ही बीम बंद. रात्री नाल्याच्या वळणावर असं झालं तर जिवावर बेतेल, म्हणून हे काम आजच करा. आधी बॅटरीची बॉडीकडे जाणारी वायर सोडा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो, तिथेही नियम हाच. तिन्ही वायरींना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा. डीपर रॉकेलात रात्रभर बुडवून ठेवा, ब्रशने दाते साफ करा, पूर्ण वाळला की चकतीला ग्रीसचा हात द्या. वरून जुन्या ट्यूबच्या तुकड्याची टोपी घाला.

शहाद्याहून: इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले, आता मिचमिचतच नाहीत. बटण गेलं का?

नाही. इंडिकेटर उघडझाप करवणारा जुना डबा, म्हणजे फ्लॅशर, बल्बाच्या करंटने तापून उघडझाप करतो. 21 वॉटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर घेतात, एलईडी त्याच्या पासंगालाही नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, किंवा साधे बल्ब परत लावा. मला विचाराल तर दुसरं करा.

चोपड्याहून: ॲम्बॅसडरचा ब्रेक लाइट लागत नाही. ब्रेकच्या पाइपावर दोन वायरींचं बटण आहे. तेही खोलून साफ होईल का?

हे खोलू नका. ते ऑइलच्या दाबावर चालतं आणि कायमचं सीलबंद केलेलं असतं. त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर बटण गेलं, नवंच घ्या. लागला नाही तर बल्ब, फ्यूज आणि अर्थ बघा. बदलल्यावर ब्रेकची हवा काढायला विसरू नका, आणि ऑइलचा थेंब रंगावर पडू देऊ नका. पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर बॉनेटचा रंग पापडासारखा उठेल.