हौशी मित्राचा फोटो फसला असेल तर त्याला तोंडावर कसं सांगावं?

तुमची अडचण मला अशी कळली: चार हौशी मंडळी एकमेकांना फोटो दाखवता, बाकीचे 'अप्रतिम', 'कडक' म्हणून मोकळे होतात. तुम्हाला तसं खोटं बोलवत नाही, आणि खरं बोललात की समोरचा गप्प होतो.

आम्ही मालवणातले आठ-दहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी पडवीत जमतो. प्रत्येकाने तीन फोटो आणायचे, तेही छापून. ही अट माझ्यामुळेच आली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला खंड्याचा फोटो बघून मी एकाला 'फोकस गेलाय रे' असं ठोकून दिलं होतं. त्याने मूळ फाइल दाखवली, तर चोचीवरचे पाण्याचे थेंब मोजता येत होते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, हे मला माहीत होतं, तरी जीभ आधी चालली. तेव्हा पहिलं हे, की बोलायच्या आधी फोटो नीट मोठा बघा.

दोष काढण्यापेक्षा कौतुक अवघड आहे, असं माझं मत. आमचा किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य रोज समुद्रातच बुडतो आणि प्रत्येकाकडे तो बुडताना टिपलेला असतो. त्याला 'वा, काय रंग!' म्हटलं तर ते कौतुक सूर्याचं झालं. त्यापेक्षा 'सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची काळी रेघ अगदी खाली ठेवलीस, म्हणून ढग अंगावर आल्यासारखे वाटतात' असं म्हणा. ढग कशामुळे मोठे झाले हे त्याला कळलं, की पुढच्या वेळी तो ते मुद्दाम करील. आणि असं एकही वाक्य सापडत नसेल, तर मी सरळ 'मला यात काही दिसलं नाही, तुला काय दिसलं होतं?' असं विचारतो. निम्म्या वेळा त्याच्या उत्तरातच फोटो कुठे फसला ते सापडतं.

उरलेल्या वेळा मीच फसतो. आमच्यातले एक काका, वय सत्तरीच्या पुढे, देवबागच्या खाडीतला एक फोटो घेऊन आले. क्षितिज चांगलं बोटभर कललेलं. मी लगेच म्हटलं, "काका, समुद्र वाकडा झालाय." ते शांतपणे म्हणाले, "अरे, होडी हलता, मगे दर्यो सरळ खय रवतलो?" परत बघितलं तर वल्हवणारा माणूस एका बाजूला रेललेला, होडीचा काठ पाण्याला टेकायला आलेला. क्षितिज सरळ केलं असतं तर सगळा तोल निघून गेला असता. तेव्हापासून 'हे मुद्दाम का?' एवढं विचारल्याशिवाय मी क्षितिजाला हात लावत नाही. (नुसत्या किनाऱ्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत समुद्र कललेला असेल, तर मात्र विचारत बसू नका. तो वाकडाच आहे.)

चूक सांगताना ती कुठल्या जातीची आहे तेही सांगावं. कललेलं क्षितिज, कोपऱ्यात घुसलेली प्लास्टिकची बादली, थोडा अंधार, हे घरी बसून सुधारता येतं. फेस पांढराफट्ट उडालेला असेल तर नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनला हे हमखास होतं: चौकटीत काळपट खडक जास्त, म्हणून कॅमेरा दृश्य उजळ करायला जातो आणि लाटेचा फेस जळतो. तिथे तपशील नोंदलेलाच नसतो, मग ओढून काय येणार? 'पुढच्या वेळी एक स्टॉप कमी ठेव', म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्माच घे, एवढंच सांगायचं आणि पुढे जायचं.

एका बाबतीत मी गोड बोलत नाही. वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना एकाने जवळून फ्लॅश मारून फोटो काढला होता. फोटो सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण ती पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, भलत्या दिव्याने त्यांची वाट चुकते. सगळ्यांसमोर काही बोललो नाही. नंतर त्याला गेटापाशी गाठून म्हटलं, हा फोटो परत कुणाला दाखवू नकोस. दोन महिने तो आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण बोलल्याचं नाही.

बाकी वेळी शब्दांपेक्षा पुठ्ठा कामाला येतो. जुन्या लग्नपत्रिकेचे इंग्रजी L सारखे दोन काटकोनी तुकडे कापा आणि फोटोवर पुढे-मागे सरकवून वेगवेगळ्या चौकटी करून बघा. 'गर्दी फार झालीय' म्हटलं की माणूस भांडतो, पुठ्ठा सरकवला की तोही वाकून बघायला लागतो. एका वहिनींनी रापणीचा फोटो आणला होता: दोर ओढणाऱ्या दोन रांगा, जाळं, बघे, कुत्रे, मागे हॉटेलाची पाटी. मी पुठ्ठे सरकवत सरकवत दोरावरच्या चार हातांवर आणून ठेवले आणि म्हटलं, बघा, फोटो इथे आहे. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात तोच फोटो कापून आणला. हात नव्हतेच त्यात. वाळूत रुतलेल्या टाचा होत्या, ओळीने, आणि शेवटची टाच एका लहान पोराची. मला मागच्या खेपेला ते पोर दिसलंसुद्धा नव्हतं.