आईला वाकडला न्यायचं की पेठेतच ठेवायचं?

प्रश्न : ताई, आई 76 वर्षांची, पुण्यात सदाशिव पेठेत एकटीच राहते. बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे गेलेत त्यामुळे हल्ली खाली उतरणं जवळजवळ बंदच झालंय. आमचा वाकडला अकराव्या मजल्यावर थ्री बीएचके आहे, लिफ्ट, जनरेटर, गार्डन, सिक्युरिटी सगळं आहे. पण ती यायला तयार नाही, आणि आलीच तर आठ दिवसांत "मला सोडून ये" सुरू. बहीण म्हणते एकटी असताना पडली तर कोण बघणार? काय करू? — एक मुलगा, वाकड

उत्तर : तुमच्या फ्लॅटमध्ये काय काय आहे ते सगळं लिहिलंत, पण आई तिथे आल्यावर दिवसभर करते काय हे पत्रात कुठेच नाहीये. माझ्या मते सगळं तिथेच अडलंय. पेठेत खाली उतरता आलं तर दूध, भाजी, केमिस्ट, देऊळ, जुन्या मैत्रिणी, सगळं पायी पायी आहे आणि कोणाला विचारायला लागत नाही. वाकडला भाजी ॲपवर नाहीतर तुमच्या गाडीतून, आणि ज्या बाईने इतकी वर्षं घर चालवलं तिला कोथिंबिरीच्या जुडीसाठी सुनेच्या मोबाईलकडे बघायला लागलं तर ती परत जाणारच ना. हा हट्ट नाहीये हो.

पण म्हणून तिसऱ्या मजल्यावर कोंडून राहणं पण बरोबर नाही, त्यात बहिणीचं चूक नाही. वैरी जिना आहे, पेठ नाही. तेव्हा त्याच भागात, ओळखीचा दूधवाला आणि डॉक्टर तेच राहतील इतक्या अंतरावर, लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये नाहीतर तळमजल्यावर भाड्याने जागा बघा, जुना फ्लॅट भाड्याने द्या आणि वरचा फरक तुम्ही भावंडांनी भरा. जागा बघताना एक गंमत लक्षात ठेवा, पुष्कळ बिल्डिंगमध्ये लिफ्ट असते पण लिफ्टपर्यंत पोचायलाच चार-पाच पायऱ्या असतात आणि कठडा नसतो! बाथरूममध्ये धरायला दांडे, कमोड, न घसरणारी फरशी आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री जळणारा छोटा दिवा, हे आधी करून घ्या, सोफा नंतर.

मग एकदा आईबरोबर तिच्या स्पीडने चालून बघा. पायी रस्ता ओलांडायची सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे 15 मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद. गुडघे दुखणारी बाई 0.8 ने चालली तर तिला एकोणीस सेकंद लागतात, मधेच सिग्नल सुटतो आणि दोन्हीकडून स्कूटरवाले हॉर्न मारतात. फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात ते वेगळंच. त्यामुळे मोठा रस्ता न ओलांडता रोजचं सामान मिळेल अशीच बाजू निवडा. आणि वाटेत स्वच्छ टॉयलेट आहे का ते पण बघा. कितीतरी बायका फक्त त्या भीतीने पाणी कमी पितात नाहीतर घराबाहेरच पडत नाहीत, हे कोणी मुलाला सांगत नाही म्हणून मी सांगते.

वाकडला यायला आता मंडईहून पिंपरीपर्यंत मेट्रो आहे, स्टेशनला लिफ्ट आहे, मंडईपर्यंत रिक्षा, तिकडे पिंपरीला तुम्ही गाडी घेऊन उभे राहा. पाहुणी म्हणून आली की नातवंडांत रमेल बघा. आणि 70 च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत, ते काढलं नसेल तर काढून ठेवा. यादीतल्या हॉस्पिटलमध्येच चालतं, तेव्हा जवळचं कुठलं आहे ते आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : मुलगा म्हणतो घर आत्ताच माझ्या नावावर कर, नंतर कटकट नको. मी 69, मिस्टर नाहीत, घर माझ्याच नावावर आहे. करू का? — एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, घाई करू नका. मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला आपल्याकडे स्टॅम्प ड्यूटी नाममात्र आहे म्हणून सगळे तोच सल्ला देतात, पण बक्षीसपत्र झालं की घर त्याचं. मृत्युपत्र केलंत तर तुम्ही असेपर्यंत घर तुमचंच आणि ते कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर मुलगा सांभाळ करेल ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या, तोंडी नको. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, त्यासाठी त्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. अट लिहिलेली नसली तर मात्र सिद्ध करताना नाकी नऊ येतात. मुलगा चांगला असेल तर त्याला ही अट खटकायचं कारण नाही. वकिलाकडे त्याच्याबरोबर जाऊ नका, एकट्या जा नाहीतर मैत्रिणीला न्या. काही विचारायचं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो.