पाच-सहा लहान मुलांची साधी टी पार्टी घरी कशी करावी?

पाच वर्षांच्या आसपासची सहा मुलं, घरातलीच जागा आणि फार घाट घालायचा नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग सजावट आधी बाजूला ठेवा. या वयाच्या मुलांना खरी गंमत वाटते ती किटलीतून स्वतः ओतण्यात. तेवढं नीट जमवून दिलंत की बाकीचं आपोआप रांगेत येतं.

किटली ४००-५०० मिलीची घ्या आणि निम्मीच भरा. भरलेली चिनी मातीची किटली त्या मनगटांना पेलत नाही. सहा जणांत दोन किटल्या हव्यात, एकीवर पाळीवरून भांडण ठरलेलं. किटलीखाली काठाचा ट्रे आणि त्यात घडी घातलेलं जाड फडकं. सांडणार आहेच, ते ट्रेमध्ये सांडावं एवढंच बघायचं. टेबलावर लोंबणारं कापड मात्र नको. कोणीतरी टोक ओढतं आणि सगळं अंगावर येतं.

किटलीत खरा चहा नसलेला बरा. त्यात कॅफिन असतं, शिवाय त्यातल्या टॅनिनमुळे खाण्यातलं लोह कमी शोषलं जातं. कोमट दुधात चिमूटभर दालचिनी, किंवा सफरचंदाच्या रसात तितकंच पाणी घालून तो कोमट केलेला, यातलं एक पुरे. दूध असेल तर किटलीत ओतण्याआधी गाळाच. साय नळीत अडकते, धार थांबते, मूल किटली आणखी तिरकी करतं आणि मग झाकणासकट सगळं भसकन बाहेर. मायक्रोवेव्हमध्ये तापवलंत तर ढवळून मगच बघा, कारण ते सगळीकडे सारखं तापत नाही. हाताला गरम लागलं तर अजून थांबा. लिंबाच्या फोडी आणि दूध एकाच टेबलावर ठेवू नका. कोणी ना कोणी दोन्ही एकत्र करतंच आणि दूध फाटतं.

कप अर्धाच भरला तर ७५ मिलीच्या आसपास जातं. दोन-दोन कप धरले की ९०० मिली, सांडलवंड धरून सव्वा लिटर करा. साखरेचे क्यूब ठेवायचे असतील तर प्रत्येकाच्या बशीत दोन मोजून. मधे भांडं ठेवलंत तर पाच मिनिटांत रिकामं होईल.

खायला काकडीचं सँडविच, बिस्किटं आणि फळं. तीन पदार्थांच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, मुलं तसंही चाखून सोडतात. सँडविच पाच करा (ब्रेडचे दहा स्लाइस), कडा काढून प्रत्येकाचे चार त्रिकोण. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळून घ्या, आणि लोणी ब्रेडच्या अगदी काठापर्यंत लावा. मधे जागा राहिली की तिथून पाणी मुरतं आणि ब्रेड लिबलिबीत होतो. मुलं येईपर्यंत वर ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं झाकून ठेवा.

द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करूनच द्या, आख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. अख्खे दाणे आणि पॉपकॉर्न टाळा. बोलावतानाच प्रत्येक पालकाला कशाची ॲलर्जी आहे ते विचारून घ्या, दारात विचारून उपयोग नाही.

वेळ दीड तास पुरे, जेवणाच्या तोंडावर नको. पैकी टेबलाशी मुलं जेमतेम वीस मिनिटं टिकतील. म्हणून आल्या आल्या कागदाच्या रुमालावर आपापलं नाव आणि चित्र काढायला द्या. तोवर उशिरा येणारेही पोचतात आणि कोणी कुठे बसायचं तेही ठरतं. मोठी माणसं दोन हवीत, एक टेबलाशी कायमचं.

खेळण्यातला टी-सेट प्यायला वापरायचा असेल तर तो खाण्यापिण्यासाठी चालतो असं त्यावर लिहिलंय का ते बघा. नसेल तर घरातले छोटे स्टीलचे कप काढा, पडले तरी काचा वेचाव्या लागत नाहीत.