डग्गा घुमतोय, गायक डावीकडे सरकलाय

प्रश्न: आमचा हॉल १० बाय १५ फूट. लांब भिंतींना समोरासमोर सोफा आणि ४३ इंची टीव्ही. डाव्या टोकाला बाल्कनीची स्लायडिंग काच, उजवीकडे भिंतच नाही, पॅसेज किचनकडे जातो. डावा बुकशेल्फ स्पीकर बाल्कनीच्या कोपऱ्यात, उजवा फ्रिजजवळ. डग्गा नुसता घुमतो आणि गायकाचा आवाज डावीकडून येतो. अँप ४० वॅटचा आहे. दुकानदार म्हणतो, ८ इंची दोन-दोन वूफरवाले (वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा पडदा) टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घ्या. घेऊ का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नका घेऊ, निदान महिनाभर तरी. त्रास स्पीकर लहान असल्याचा नाहीये, जागेचा आहे, आणि टॉवर आणलेत तर हाच घुमारा दुप्पट होईल बघा.

दोन भिंतींत १० फूट अंतर असलं की साधारण ५६ हर्ट्झचा आवाज त्यांच्यात अडकून फुगतो, आणि तो सगळ्यात जास्त भिंतीलगत ऐकू येतो, म्हणजे सोफ्यावर टेकल्यावर तुमचं डोकं असतं नेमकं तिथेच. त्यात डावा स्पीकर कोपऱ्यात, दोन भिंती आणि फरशी मिळून त्याचा बेस वाढवतात, शेजारची काच वरचे सूर परत फेकते, मग गायक डावीकडे जाणारच ना.

आता असं करा. दोन्ही स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना आणा, मधे साडेपाच फूट, म्हणजे दोन्ही टोकांना पावणेपाच-पावणेपाच फूट सुटतात आणि काच काय, पॅसेज काय, दोन्ही लांब जातात. मागच्या भिंतीपासून ८-१० इंच पुढे, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला. टीव्ही युनिटवरच ठेवायचे असतील तर पार पुढच्या कडेला, खाली रबराचे तुकडे घालून. ऐकायला बसताना सोफा दीड फूट पुढे ओढा, नंतर ढकला परत, घरच्यांचीही अडचण नको. मग तुम्ही सोफ्यावर बसून दोरीचं टोक नाकाशी धरा आणि घरातल्या कुणालातरी दुसरं टोक आधी एका ट्वीटरला, मग दुसऱ्याला लावायला सांगा, अर्ध्या इंचाचा फरक असला तरी सरकवा. हे मी दरवेळी करतो, आणि गायक मधे येऊन बसतो तेव्हा दरवेळी तेवढाच आनंद होतो!

फरशीवर जाड सतरंजी, काचेला जाड पडदा. स्पीकरला मागे भोक असेल तर त्यात फोम घालून बघा.

एवढं करूनही नवीन घ्यायचेच असले तर ५ इंची वूफरचे, शक्यतो बंद डब्याचे, म्हणजे भोक नसलेले घ्या, भिंतीजवळ ते कमी त्रास देतात. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा बंद डब्याचा मॉनिटर स्पीकर (प्रसारणाचा आवाज तपासायचा) बनवला तो ओबी व्हॅनमधल्या, म्हणजे बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठीच, आणि आजही लोक तो शोधत फिरतात. ४० वॅट तुम्हाला भरपूर. ८६ डेसिबलचा स्पीकर नुसत्या १ वॅटवर १ मीटरला ८६ डेसिबल आवाज देतो, २ मीटरला ८० च्या आसपास, आणि तुम्ही तर ६ फुटांवरच बसणार.

शेवटी तबला सोलो लावा. डग्ग्यावर तळहात घासून सूर वर चढवतात तो चढताना कळला पाहिजे. अजून गोळाच ऐकू येत असेल तर स्पीकर आणखी दोन इंच पुढे घ्या.