शिकारीसाठी फॅक्टरी रायफल: टिक्का, रुगर, सॅव्हेज की रेमिंग्टन?

तुम्ही विचारलंय की मुलगा कॅनडातल्या अल्बर्टात स्थायिक झालाय, यंदा हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतोय, तर दर्जा, नेम आणि किंमत बघता या चारांतली कोणती घ्यावी. मी इंदूरचा. नोकरी आर्मररची, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करायची झाली, आणि जावई कॅलगरीत असल्यामुळे तिथल्या रेंजवर या चारही रायफली हाताळून झाल्यात. बजेटमध्ये बसत असेल तर टिक्का टी३एक्स घ्या. ताण पडत असेल तर रुगर अमेरिकन, आणि वाचलेले पैसे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीत घाला.

नेमावरून दुकानदार फार घोळ घालतात. 'एक एमओए' हे कोनाचं माप, म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटरचा ग्रुप (लागलेल्या गोळ्यांचा पसारा). टिक्का तीन गोळ्यांवर याची हमी देते. तिच्याच कारखान्यात, फिनलंडच्या रीहिमाकीला बनणारी साको रायफल पाच गोळ्यांवर देते, आणि या दोन हमींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. पण हरणाच्या छातीचा मर्मभाग वीस-पंचवीस सेंटिमीटरचा असतो. दीड एमओएची रायफलसुद्धा २०० मीटरवर नऊ सेंटिमीटरच्या आतच राहते. नेम चुकतो तो धाप लागलेल्या माणसाचा. शिवाय शिकारीत कामाला येते ती थंड नळीतली पहिली गोळी. दहावी गोळी कुठे जाते ते बघायची वेळच येत नाही. आज नळ्या यंत्रावर इतक्या नेमक्या बनतात की स्वस्त रायफलही कागदी लक्ष्यावर महागडीच्या बरोबरीने उतरते.

मग जास्तीचे पैसे कशाचे? बोल्टचे (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा), ट्रिगरचे आणि दस्त्याचे (नळी ज्यात बसते ती बैठक). टिक्काचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि ७० अंशांतच उघडतो. रेमिंग्टन ७०० चा ९० अंश फिरवावा लागतो, त्यामुळे जाड हातमोज्यात बोटं दुर्बिणीला अडतात. टिक्काचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी मात्र प्लॅस्टिकचं आहे, ते मला या किमतीत पटत नाही. रुगरचा बोल्टही ७० अंशांचाच, जरा खरखरीत. तिचा साधा दस्ता पुढून दाबला की वाकतो. सॅव्हेज ११० ही १९५८ पासूनची. नळी नटाने बसवलेली असल्याने काडतूस बसायच्या जागेचं माप कारखान्यात सहज जुळतं, म्हणूनच ती स्वस्तात नेमकी मारते. अ‍ॅक्यूट्रिगर (कंपनीचा सुधारित ट्रिगर) आल्यापासून तिचा ट्रिगरही छान झालाय. दिसायला ओबडधोबड, पण शिकारीत कोण बघतंय!

रेमिंग्टन ७०० (१९६२) हे मोठं नाव. तरी जुनी घेताना जपा. २००६ ते २०१४ दरम्यानच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीनेच २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या, ट्रिगर न ओढता गोळी सुटू शकते म्हणून. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत विकली गेली. सेकंडहँड मिळाली तर आधी ट्रिगर कोणता आहे ते विचारायचं.

काडतूस .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर. .३०० मॅग्नम नको. हलक्या रायफलीत तिचा धक्का असा बसतो की नवखा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि ती सवय मोडायला फार त्रास होतो.

दुकानात रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करून दोन गोष्टी बघायला सांगा. दस्ता आणि नळी यांच्या फटीतून कागद पुढून थेट मागे, नळीच्या बुडापर्यंत सरकला पाहिजे. मग पुढचा दस्ता नळीकडे दाबायचा. नळीला टेकला तर आधार घेऊन मारताना गोळी जागा बदलते.

आपल्याकडचे लोक याच सुरात ईशापूरच्या कारखान्यातल्या .३१५ रायफलीशी तुलना करतात. तिची रचना जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्डची, मजबूत, पण वर्ग वेगळा. आणि शिकारीचं म्हणाल तर वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, तेव्हा इथे तो विषयच नाही. हौसेने ती रायफल इंदूरला आणायचा विचार मुलाच्या मनात असेल तर तोही काढून टाकायला सांगा, परवाना आणि आयातीत अडकून पडेल.

तिकडे कॅनडात आधी सुरक्षा कोर्स आणि पीएएल, म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच करू दे. नवी रायफल आली की बोल्टमधलं कारखान्याचं ग्रीस पुसून काढायचं. उणे वीसमध्ये ते घट्ट होतं, फायरिंग पिन मंद पडते आणि काडतूस फुटत नाही. बाहेरून आणलेली गार रायफल ताबडतोब गरम खोलीत न्यायची नाही, आत पाणी सुटतं. गराजमध्ये पेटीत तशीच राहू द्यावी.